अमारोकच्या पायाखालची जमीन

लिनक्सवर गाणी ऐकणाऱ्या एका पिढीला १० डिसेंबर २००८ ही तारीख अजून आठवते. त्या दिवशी अमारोक या म्युझिक प्लेअरची २.० ही आवृत्ती आली. त्याआधीची तीन-चार वर्षं लिनक्सवरचा सगळ्यात चांगला म्युझिक प्लेअर कोणता, यावर फारसं दुमत नव्हतं. विंडोज वापरणारा मित्र घरी आला की त्याला मुद्दाम उघडून दाखवावेत असे मोजकेच प्रोग्रॅम तेव्हा लिनक्सकडे होते आणि अमारोक त्यांत वरच्या नंबरावर होता. २.० नंतर मात्र माणसं पांगत गेली.

असं का झालं, याची दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं असं, की उत्तम चाललेला प्रोग्रॅम त्यांनी मोडला, पुन्हा लिहायला घेतला आणि त्याचं वाटोळं केलं. दुसरं, स्पॉटिफायसारख्या सेवा आल्या आणि आपल्याकडे गाणी साठवून ठेवायची गरजच उरली नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिल्यात सगळा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या माथी येतो, दुसऱ्यात तो काळावर ढकलला जातो. मला वाटतं, अमारोकला खाली ओढलं ते देखभालीच्या ओझ्यानं. चालू असलेली गोष्ट चालू ठेवण्याच्या या कामाची कदर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगानं कधी नीट केली नाही, आणि त्या सॉफ्टवेअरच्या जिवावर उभ्या राहिलेल्या उद्योगानं तर त्याहून नाही.

सुरुवात अगदी साध्या कटकटीतून झाली होती. २००३ च्या सुमाराला लिनक्सवर बरेच लोक एक्सएमएमएस वापरत. १९९७ पासूनचा, विंडोजवरच्या विनॅम्पच्या धर्तीवरचा प्लेअर. छोटीशी खिडकी, खाली प्लेलिस्ट, बाजूला इक्वलायझर. वाजवायला छान, पण प्लेलिस्टमध्ये गाणी टाकायची म्हणजे वेगळी खिडकी उघडा, फोल्डर शोधा, फाइल निवडा, खिडकी बंद करा आणि पुढच्या फोल्डरसाठी पुन्हा तेच. मार्क क्रेट्शमान या जर्मन प्रोग्रॅमरला याचा कंटाळा आला होता. मिडनाइट कमांडर या जुन्या फाइल मॅनेजरमध्ये दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात. क्रेट्शमाननं तीच मांडणी घेतली: एका बाजूला फाइल, दुसऱ्या बाजूला प्लेलिस्ट, इकडून उचलायचं आणि तिकडे सोडायचं. माइक ओल्डफील्डच्या १९९० मधल्या अल्बमचं नाव या प्लेअरला दिलं. जून २००४ मध्ये १.० आला, मे २००६ मध्ये १.४. एव्हाना वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापली नोकरी किंवा कॉलेज सांभाळून त्याच्यावर काम करायला लागली होती.

१.४ मध्ये काय होतं ते जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढे नेमकं काय हरवलं ते त्याशिवाय कळत नाही. डावीकडच्या पट्टीत तुमचा सगळा साठा, गायक, अल्बम, वर्ष, जसा हवा तसा लावलेला. एखादं गाणं सुरू केलं की त्याच पट्टीत त्या गायकाची तुमच्याकडची बाकीची गाणी दिसत, गाण्याचे शब्द शोधून आणले जात, गायकाविषयीचं विकिपीडियाचं पान तिथल्या तिथे वाचता येई. तुम्ही गाणं शेवटपर्यंत ऐकता की मध्येच पुढे ढकलता, यावरून अमारोक त्या गाण्याला गुण देत असे. तुम्ही स्वतः दिलेल्या चांदण्या वेगळ्या. ऐकलेल्या गाण्यांची नोंद लास्ट एफएम या ऑनलाइन संगीत सेवेला जाई. यातली मला सगळ्यात आवडलेली सोय पडद्यावर दिसतही नसे. फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवली, तिचं नाव बदललं, तरी हे तेच गाणं आहे हे अमारोक ओळखत असे आणि तुमच्या वर्षावर्षांच्या नोंदी पुसल्या जात नसत. माणूस आपला संग्रह पुनःपुन्हा लावतो, आवरतो, हलवतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही सोय सुचेल.

हा सगळा तपशील डेटाबेसमध्ये राहायचा, आणि तो डेटाबेस कोणता हेही तुम्ही ठरवायचं: साधा एसक्यूलाइट, नाहीतर मायएसक्यूएल, नाहीतर पोस्टग्रेस. आवाज कोणत्या इंजिनातून काढायचा हेही तुमच्या हातात. ज्याला यातलं काही कळत नव्हतं त्याचं काही अडत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं त्याला आत शिरायला दारं उघडी होती.

आपल्याकडच्या संग्राहकाच्या दृष्टीनं यात आणखी एक गोष्ट होती. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याची माहिती ज्या टॅगमध्ये लिहितात, त्याच्या पहिल्या रूपात शीर्षकाला तीस बाइट, गायकाला तीस, अल्बमला तीस, सगळा मिळून १२८ बाइटांचा तुकडा. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत, यूटीएफ-८ पद्धतीनं लिहिलं तर, प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे तीस बाइटांत जेमतेम दहा चिन्हं. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यात कसंबसं मावतं. ‘दीनानाथ मंगेशकर’ मावत नाही. टॅगच्या पुढच्या रूपात ही मर्यादा गेली, युनिकोड आला, पण आपल्याकडे हातोहात फिरणाऱ्या एमपीथ्री सीडींवर ‘ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट’ हेच असायचं. अमारोकमध्ये शंभर फाइल एकदम निवडून त्यांचे टॅग देवनागरीत लिहिता येत. त्यामागे टॅगलिब नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येईल असा तयार कोड, होती. तीही अमारोकसारखीच केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या परिसरात, स्कॉट व्हीलर या प्रोग्रॅमरनं लिहिलेली.

टॅगचे रकाने पाश्चात्त्य अल्बमच्या हिशेबानं आखलेले आहेत, हा प्रश्न उरतोच. ‘मानापमान’मधलं पद घ्या. नाटक खाडिलकरांचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, रंगभूमीवर ते पहिल्यांदा गाजवलं बालगंधर्वांनी, आणि तुमच्याकडची ध्वनिमुद्रिका कदाचित तिसऱ्याच गायकाची. यात ‘आर्टिस्ट’ कोण आणि ‘अल्बम’ काय? रागाला तर रकानाच नाही. पण अमारोकमध्ये प्रत्येक गाण्याला आपल्या मनाची लेबलं लावता येत. राग, नाटक, मैफलीचं गाव, कुणाच्या कॅसेटवरून उतरवलं, काय वाटेल ते. नंतर त्या लेबलावरून शोध घेता येई. संग्रह करणाऱ्याला जे माहीत आहे ते त्याच्या साठ्यात नोंदलं जावं, अशी सोय त्या प्रोग्रॅमनं केली होती. आज एखाद्या मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर नाट्यपदाच्या नोंदीत चूक दिसली तर ऐकणारा ती बघत बसतो. दुरुस्तीचं पेन त्याच्या हातात नाही.

या सुखात अडथळेही होते आणि ते मुख्यतः कायद्याचे होते. एमपीथ्रीवर पेटंट होतं, म्हणून अनेक लिनक्स डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, ते वाजवण्याची सोय सोबत देतच नसत. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं, अमारोक उघडला, गाण्यावर क्लिक केलं आणि आवाजच आला नाही, हा आपल्याकडे त्या काळी अनेकांचा पहिला अनुभव. ती सोय पुरवणारे कोडेक नेटवरून उतरवायचे, आणि नेटचा वेग तो तसला. फ्राउनहोफर संस्थेचा एमपीथ्रीच्या पेटंटांवरचा परवाना कार्यक्रम संपला तो थेट एप्रिल २०१७ मध्ये, अमारोकची भरती ओसरून गेल्यावर. दुसरा अडथळा अॅपलचा. सप्टेंबर २००७ मध्ये आलेल्या नव्या आयपॉडमध्ये गाण्यांच्या यादीला एक सांकेतिक शिक्का लागायला लागला. तो शिक्का आयट्यून्सनं मारलेला नसेल तर आयपॉड त्यातली गाणी दाखवेना. अमारोकसारख्या प्रोग्रॅमांतून आयपॉड भरणाऱ्यांना एका रात्रीत दार बंद झालं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी थोड्याच दिवसांत त्याची किल्ली शोधून काढली, पण त्यानंतर नवं उपकरण, नवी किल्ली, असा पाठलाग सुरू झाला. हीही देखभालच. नवीन काही मिळत नाही, काल जे चालत होतं ते आज चालावं एवढ्यासाठी रात्री जागायचं.

आता मुख्य प्रसंगाकडे. अमारोक केडीई या डेस्कटॉपवर उभा होता आणि केडीई उभं होतं एका नॉर्वेजियन कंपनीच्या क्यूटी या लायब्ररीवर. खिडक्या, बटणं, याद्या, सगळं त्यातून यायचं. २००५ मध्ये क्यूटीची चौथी पिढी आली आणि ती तिसरीशी जुळणारी नव्हती. केडीईनं स्वतःची चौथी आवृत्ती तिच्यावर नव्यानं उभारली आणि ती जानेवारी २००८ मध्ये आली. म्हणजे अमारोकच्या पायाखालची जमीनच हलवली जात होती. जुन्या जमिनीवर राहायचं म्हटलं तर दोन-तीन वर्षांत ती कुणी सांभाळणार नव्हतं. नव्या जमिनीवर जायचं तर प्रोग्रॅमचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागणार होता.

अमारोकच्या मंडळींनी नव्या जमिनीवर जायचं ठरवलं, आणि जाताना घराचा नकाशाही बदलला. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीतला माणूस नव्या इमारतीत पहिल्या दिवशी जसा ओट्याच्या जागी भिंत बघून थबकतो, तसं १.४ वापरणाऱ्यांचं झालं. पूर्वी रुंद आणि मध्यवर्ती असलेली प्लेलिस्ट उजवीकडे अरुंद पट्टीत गेली. मधली जागा गायकाची माहिती, गाण्याचे शब्द वगैरे दाखवणाऱ्या चौकटींना मिळाली. ‘हे गाणं झालं की ते लाव’ अशी रांग लावायची सोय २.० मध्ये नव्हती. प्लेलिस्टमध्ये दोन अक्षरं टाइप करून गाणं गाळून काढायची सोय नव्हती. गाण्याबरोबर हलणारी दृश्यचित्रं नव्हती, एमपीथ्री प्लेअरसारख्या उपकरणांचा आधार अर्धवट होता. डेटाबेसचे पर्याय गेले, आतमध्ये बसवलेला मायएसक्यूएल तेवढा राहिला. काही गोष्टी लवकरच परत येतील हे करणाऱ्यांनी आवृत्ती देतानाच प्रामाणिकपणे सांगितलं होतं, आणि रांग, गाळणी वगैरे पुढच्या आवृत्त्यांत आल्याही. पण रोजच्या वापरातल्या वस्तूबाबत माणूस ‘पुढच्या आवृत्तीत’ हे उत्तर ऐकून थांबत नाही.

नव्या क्यूटीवर जाणं आणि मांडणी बदलणं हे दोन वेगळे निर्णय होते. पहिल्याला पर्याय नव्हता. दुसऱ्याला होता, आणि दोन्ही एकाच वेळी करणं चुकलं असं माझं मत आहे. मात्र ही चूक त्यांनी का केली असावी, याचा विचार त्यांना दोष देणारे करत नाहीत. एखादा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवरून नव्या लायब्ररीवर नेणं, ज्याला पोर्टिंग म्हणतात, हे काम पूर्ण यशस्वी झालं तर वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. महिनोन्महिने खपायचं आणि शेवटी लोकांनी म्हणायचं, हे तर आधी होतंच. पगार मिळत असेल तर माणूस हे करतो. संध्याकाळी घरी आल्यावर, रविवारी, हौसेनं काम करणाऱ्याला त्यात काय मिळणार? नुसत्या पोर्टिंगच्या रुक्ष कामात नवनिर्मितीचा आनंद मिसळला तरच स्वयंसेवक टिकतात. अमारोकचा नवा नकाशा मला त्या गरजेतून आलेला दिसतो. म्हणजे ज्याला आपण त्यांचा हट्ट म्हणतो, त्याचं मूळ कामाच्या स्वरूपात आहे.

याची परीक्षा पुढे आपोआप झाली. अमारोकचा कोड जीपीएल परवान्याखाली होता, तेव्हा तो घेऊन वेगळी वाट धरायला कुणालाच मनाई नव्हती. डेव्हिड सॅनसम आणि त्याच्या साथीदारांनी अमारोक १.४ ची मांडणी जशीच्या तशी ठेवून, नव्या क्यूटीवर बेतलेला क्लेमेंटाइन हा प्लेअर केला. २०१० च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती आली. नाराज मंडळींना हेच हवं होतं. क्लेमेंटाइन लिनक्सबरोबर विंडोजवर आणि मॅकवरही चालत असे आणि काही वर्षं तो जोरात होता. ‘पुन्हा लिहिण्यानं घात केला’ हे उत्तर पुरेसं असतं तर इथे गोष्ट सुखाची व्हायला हवी होती: जुनी मांडणी, नवी जमीन, संतुष्ट लोक. प्रत्यक्षात क्लेमेंटाइनची १.३.१ ही आवृत्ती एप्रिल २०१६ मध्ये आली आणि मग स्थिर आवृत्त्यांचा ओघ आटला. तोवर क्यूटीची पाचवी पिढी रुळली होती आणि चौथीचा अधिकृत आधार २०१५ च्या अखेरीस संपला होता. क्लेमेंटाइनच्याही पायाखालची जमीन हलली. २०१८ मध्ये त्याच्यापासून स्ट्रॉबेरी नावाचा प्लेअर फुटून निघाला आणि धागा त्याच्याकडे गेला.

मागे जाऊन एक्सएमएमएसकडे बघितलं तर तिथेही हेच. तो जीटीके या लायब्ररीच्या पहिल्या पिढीवर होता, दुसऱ्या पिढीवर गेला नाही, आणि डिस्ट्रोंनी पहिली पिढी काढून टाकली तसा तोही गेला. एक्सएमएमएसनं काही बदल केला नाही, अमारोकनं सगळं बदललं, क्लेमेंटाइननं बेताचा मार्ग धरला. स्वभाव वेगळे, आणि तिघांनाही गाठलं ते एकाच गोष्टीनं. लायब्ररी लिहिणाऱ्यांना जुनं सांभाळण्यात रस नसतो, तेही नवं बांधण्यात मग्न असतात, आणि त्यांच्या प्रत्येक नव्या पिढीचं बिल वरच्या मजल्यावरचे स्वयंसेवक फाडतात.

आता स्ट्रीमिंगचा मुद्दा. स्पॉटिफाय ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात सुरू झालं, अमारोक २.० च्या दोन महिने आधी. तारखा एवढ्या जवळ आहेत की एकानं दुसऱ्याला मारलं असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेत स्पॉटिफाय २०११ मध्ये पोचलं, भारतात तर फेब्रुवारी २०१९ मध्ये. सावन आणि गाना या सेवा आपल्याकडे आधीपासून होत्या, पण मोबाइलवर दिवसभर गाणी वाजवत ठेवणं सर्वसामान्यांना परवडायला लागलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, डेटाचे दर कोसळल्यावर. अमारोकमधली माणसं २००९ मध्येच उठायला लागली होती. तेव्हा ती उठून स्ट्रीमिंगकडे गेली नाहीत, दुसऱ्या प्लेअरांकडे गेली.

स्ट्रीमिंगनं नुकसान केलं ते वेगळ्या वाटेनं आणि नंतर. मुक्त सॉफ्टवेअरमधला कामकरी वापरणाऱ्यांतूनच येतो. कुणाला तरी प्लेलिस्टची कटकट होते, तो कोड उघडतो, दुरुस्त करतो, पाठवून देतो आणि हळूहळू त्या घोळक्यातला होतो. क्रेट्शमान तसाच आला होता. मॅक्स हॉवेल हा अमारोकवर काम करणारा तरुण पुढे लास्ट एफएममध्ये गेला आणि त्यानंतर त्यानं मॅकवरच्या प्रोग्रॅमरांमध्ये सर्वांना माहीत असलेलं होमब्रू लिहिलं. लिडिया पिंचर अमारोकच्या मंडळींना एकत्र ठेवण्याचं काम करायची. ती पुढे केडीईच्या संस्थेची अध्यक्ष झाली आणि विकिडेटाचं काम बघू लागली. अशी माणसं एका म्युझिक प्लेअरच्या अंगणात तयार झाली. २०१२ नंतर कॉलेजात गेलेल्या मुलाकडे मात्र गाण्यांच्या फाइलच कमी होत गेल्या. ज्याच्याकडे साठा नाही त्याला साठा लावण्याची कटकट होत नाही, आणि ज्याला कटकट होत नाही तो कोड उघडत नाही. जुनी माणसं संसाराला लागली, नोकरीत वर गेली, आणि त्यांच्या जागी येणारी पिढी आली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये २.८ आला. त्यानंतरचा २.९ यायला मार्च २०१८ उजाडलं. तोही क्यूटीच्या चौथ्याच पिढीवर होता. डिस्ट्रोंनी ती पिढी काढायला घेतली तसा अमारोक त्यांच्या याद्यांतून गळायला लागला.

इथपर्यंत ही पडझडीची हकिकत झाली. पण ओपन सोर्स प्रोग्रॅमचा ऱ्हास आणि कंपनीच्या प्रोग्रॅमचा ऱ्हास यांत फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गूगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० पर्यंत बंद करून टाकण्यात आलं. लोकांनी तिथे चढवलेली स्वतःची गाणी ठरलेल्या मुदतीत हलवा, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. साँगबर्ड हा मोझिलाच्या तंत्रावरचा प्लेअर. त्याचा कोड खुला होता, पण काम एका कंपनीच्या पैशावर चाले. २०१० मध्ये त्यांनी लिनक्स सोडलं, २०१३ मध्ये कंपनीच मिटली. लिनक्स सोडलं तेव्हा मूठभर लोकांनी त्याच कोडमधून नाइटिंगेल नावाचा फाटा काढला होता, तेवढा तो खुलेपणा उपयोगी पडला. विनॅम्पचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१३ मध्ये एओएलनं तो बंद करणार असं जाहीर केलं, मग तो विकला गेला, मालक बदलले. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांनी त्याचा कोड प्रसिद्ध केला, पण सोबतच्या परवान्यात बदललेली आवृत्ती वाटायला बंदी घातली होती. प्रोग्रॅमरांनी झोड उठवली आणि महिन्याभरात मालकांनी तो कोड पुन्हा काढून घेतला. विनॅम्पवर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत, काम करायला तयार माणसंही आहेत, पण त्यांना हात लावायची परवानगी नाही.

अमारोकच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न कधी आलाच नाही. सहा वर्षं स्थिर आवृत्तीविना गेल्यावर, २९ एप्रिल २०२४ रोजी अमारोक ३.० आला. तुओमास नुर्मी या प्रोग्रॅमरनं पुढाकार घेऊन, आधी कुणी कुणी अर्धवट करून ठेवलेलं पोर्टिंग पूर्ण केलं, बंद पडलेल्या ऑनलाइन सेवांचे आधार काढून टाकले, वर्षानुवर्षं साचलेल्या दोषांच्या नोंदी निपटल्या. त्याच वर्षाअखेर ३.२ आला आणि तो क्यूटीच्या सहाव्या पिढीवरही बांधता येऊ लागला. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कुणाकडून हक्क विकत घ्यावे लागले नाहीत. २००८ मध्ये भांडून गेलेल्यांपैकी कुणाला आज परत यायचं असेल तर दार उघडं आहे, आणि स्ट्रॉबेरीकडे राहायचं असेल तर तेही तितकंच वैध आहे.

यावरून कुणी म्हणेल, बघा, व्यवस्था काम करते, आपोआप कुणीतरी उभं राहतं. मला हे म्हणणं धोक्याचं वाटतं. सहा वर्षं काम शेवटाला नेणारं कुणी उभं राहिलं नव्हतं. अमारोक ३.० च्या बरोबर एक महिना आधी, २९ मार्च २०२४ रोजी, एक्सझेड या लहानशा पण जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेल्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरवाट पेरल्याचं उघडकीला आलं. तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं एकटा सांभाळणारा माणूस थकला होता, आणि मदतीच्या मिषानं आलेल्यानं त्या थकव्याचा फायदा घेतला. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेट सुरक्षेच्या लायब्ररीत हार्टब्लीड हा गंभीर दोष सापडल्यावर मोठ्या कंपन्यांनी अशा देखभालीसाठी पैसे दिले. मोठी भगदाडं पडली की थोडा निधी जमतो. जर्मनीनं २०२२ मध्ये अशा पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पण म्युझिक प्लेअर बंद पडला तर कुठलं बँक खातं रिकामं होत नाही. म्हणून तो कुठल्याच यादीत बसत नाही. टॅगलिबचंच पाहा: तिच्या परवान्यामुळे ती व्यावसायिक उत्पादनांनाही फुकट वापरता येते. फायदा सर्वांचा, पण सांभाळण्याची जबाबदारी एखाद-दुसऱ्या माणसाच्या फावल्या वेळाची. अमारोकची मंडळी दर ऑक्टोबरात ‘रॉक्टोबर’ म्हणून देणग्यांची मोहीम काढत. त्यातून सर्व्हरचा खर्च, भेटीगाठींचा प्रवास असली कामं भागायची. पोर्टिंगसाठी कुणाला वर्षभर पगार देण्याइतका पैसा त्यातून उभा राहणं शक्य नव्हतं.

पैशाइतकाच प्रश्न मानाचा आहे. गूगलच्या उन्हाळी योजनेत नवशिक्यांना ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करायला मानधन मिळतं. अमारोकलाही त्यातून चांगली मुलं मिळाली. पण तिथेही अर्ज उठून दिसतो तो नवी सोय जोडण्याचा. ‘अमुक लायब्ररीच्या जुन्या फंक्शनांच्या जागी नवी वापरीन आणि कुणाला काही फरक जाणवणार नाही’ असा अर्ज कोण लिहिणार आणि तो कोण निवडणार? आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तर हे अधिकच ठळक दिसतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नवाच पाहिजे. दरवर्षी महाराष्ट्रभर ग्रंथालयाची, हॉस्पिटलची, हजेरीची व्यवस्थापन सॉफ्टवेअरं शून्यापासून लिहिली जातात, तोंडी परीक्षेच्या दिवशी एकदा चालवून दाखवली जातात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी वाली नसतो. शिक्षकांनाही त्याचं वाईट वाटतं, पण गुणपत्रिकेत नावीन्याला रकाना आहे, सांभाळण्याला नाही. चार मुलांनी वर्षभर एखाद्या चालू असलेल्या मुक्त प्रोग्रॅमचे दोष काढले, दुसऱ्यानं लिहिलेला वीस वर्षांपूर्वीचा कोड वाचला, तो न मोडता बदलला आणि त्यांचे बदल मूळ प्रकल्पानं स्वीकारले, तर याहून चांगलं इंजिनिअरिंगचं शिक्षण मला माहीत नाही. नोकरीत त्यांना हेच करायचं असतं. विद्यापीठांनी हे प्रोजेक्ट म्हणून सरळ मान्य करावं, आणि मूळ प्रकल्पानं स्वीकारलेला प्रत्येक बदल गुण देताना धरावा. याला नवा निधी लागत नाही, अभ्यास मंडळाचा एक ठराव लागतो.

आणि यात आपला थेट स्वार्थही आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका, घरगुती मैफलींच्या कॅसेटी, स्पूल टेपवरची कीर्तनं, हे सगळं उतरवून हार्डडिस्कवर ठेवणारी माणसं पुण्यात, सांगलीत, गोव्यात आजही आहेत. त्यांच्याकडचा बराचसा साठा कुठल्याच स्ट्रीमिंग सेवेवर नाही आणि येण्याची शक्यताही कमी. तो लावायला, त्यात शोधायला, त्याच्याविषयीचं आपलं ज्ञान त्याला जोडून ठेवायला त्यांना अमारोक किंवा स्ट्रॉबेरीसारखाच प्रोग्रॅम लागणार. मुलांना काम शोधायला लांब जायची गरज नाही. देवनागरी टॅगांची अकारविल्हे बरोबर लागते का, ऱ्हस्वदीर्घात चुकलेलं नाव शोधात सापडतं का, राग आणि नाटक यांना स्वतंत्र रकाने देता येतील का, हे अशाच एखाद्या संग्राहकाच्या घरी, त्याच्या डिस्कवर बसून तपासायला घेता येईल. जे सापडेल त्याची नोंद केडीईकडे करायची आणि मग कोड उघडायचा.